हार झटकणारा म्हाळू

म्हाळू गेणबा देवकाते या माणसानं नऊ वर्षं पगार घेऊन हार झटकले. साखर कारखान्याच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढं 'ड्रेसर, दवाखाना' असंच लिहिलेलं असे, पण चौऱ्याण्णव सालानंतर दवाखान्यानं त्याला फारसं पाहिलं नाही. तो चेअरमनसाहेबांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसायचा. सत्काराच्या जागी साहेबांच्या आधी उतरायचा आणि त्यांच्या गळ्यात पडणार असलेला प्रत्येक हार बादलीवर धरून तीनदा झटकायचा. आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कुणी पिठाची गिरणी टाकली तरी सत्कार होतो आणि ती गिरणी बंद पडली तरी मालकाचा संघर्षशील म्हणून सत्कार होतो. तेव्हा म्हाळूचं काम बसून खायचं होतं असं कुणी समजू नये.

हे मी सांगतोय, कारण यातल्या बहुतेक सत्कारांचं सूत्रसंचालन मी केलेलं आहे. मी तळेगाव ढमढेऱ्याला मराठी शिकवायचो. आवाज बरा होता आणि दहा-बारा सुभाषितं पाठ होती. एवढ्या भांडवलावर माणूस आमच्याकडं जन्मभर माइकपुढं उभा राहू शकतो.

म्हाळूच्या घरी आजोबापर्यंत मेंढरं होती. बाप गेणबानं मेंढरं मोडून जमीन केली आणि म्हाळूला दहावीपर्यंत रेटलं. बिरदेवनगरला कारखाना उभा राहिला तसा म्हाळू तिथल्या दवाखान्यात चिकटला. हात हलका होता. सुई टोचल्यावर लोक विचारायचे, 'झालं का?' दौंडहून मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर सुषमाताई यायच्या, बाकी पाच दिवस दवाखाना म्हणजे म्हाळूच. बाईंनी त्याला जे शिकवलं ते तो दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायचा. त्या वहीतलं एक पान मी पुढं स्वतः वाचलं. त्यावर 'ॲलर्जी' असा मथळा होता आणि खाली लिहिलं होतं: 'माशी चावून तिथंच सूज आली तर भ्यायचं नाही. पण तळहात खाजले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, दम लागला, नाडी पळायला लागली, तर माझी वाट बघायची नाही. ॲड्रिनॅलिन, मांडीत, बाहेरच्या अंगाला. बाकी गोळ्या, चुना, कांदा, अंगारा सगळं नंतर.' बाईंनी त्या इंजेक्शनच्या दोन बाटल्याही कपाटात ठेवल्या होत्या, करंगळीएवढ्या, तपकिरी काचेच्या.

आता चौऱ्याण्णवच्या एप्रिलमधला तो कार्यक्रम सांगतो. बापूसाहेब नुकतेच चेअरमन झाले होते आणि पतपेढीच्या इमारतीचं उद्घाटन होतं. वर पत्र्याचा मांडव, दुपारी दोनची वेळ, आणि साहेबांची संकष्टी. आमच्याकडं घातलेला हार लगेच काढत नाहीत. ज्यानं घातला त्याला वाटतं, आपला हार पुढच्याच्या फोटोतही दिसावा. त्यामुळं एकतिसावा हार पडला तेव्हा साहेबांचे फक्त डोळे दिसत होते. त्या निशिगंधात कुठंतरी एक मधमाशी होती. ती साहेबांच्या कानामागं चावली आणि साहेब सोफ्यासकट आडवे झाले.

म्हाळू धावत आला. त्यानं हार उपसून काढले, पाय खुर्चीवर ठेवले, नाडी धरली. नाडी सावकाश चालली होती. अंगावर एक गांध नाही, ओठ जसेच्या तसे, श्वास मोकळा. कानामागं बोराएवढी सूज. दोन मिनिटांत साहेबांनी डोळे उघडून पाणी मागितलं. उपाशी पोट, डोक्यावर तापलेला पत्रा, गळ्यात अर्धा मण फुलं, माझं पाऊण तासाचं प्रास्ताविक आणि वर माशीची दहशत. एवढ्यावर कुणीही पडेल. म्हाळूला हे नाडी धरल्याबरोबर कळलं होतं.

पण पाचशे लोक उभे राहिले होते आणि 'काय झालं, काय झालं' चाललं होतं. माइक म्हाळूच्या तोंडापुढं गेला. समोर साहेबांचे मेहुणे सर्जेराव उभे. हे सर्जेराव साहेबांचे कान, डोळे आणि प्रसंगी दातही होते. ज्या माणसानं परवाच्या निवडणुकीत 'वाघ' म्हणून पोस्टरं लावली, तो माशीला भिऊन पडला, असं ह्या मेहुण्यासमोर, माइकवर, कोण सांगणार? म्हाळूला वहीतला एक शब्द आठवला.

"साहेबांना ॲलर्जी हाय," तो म्हणाला.

झालं. त्या दिवसापर्यंत बिरदेवनगरात हा शब्द कुणी फारसा ऐकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पानाच्या टपरीवर होता. म्हाळूची आणि त्या दोन बाटल्यांची रवानगी साहेबांच्या जीपमध्ये झाली. बाटल्यांची मुदत संपली की नव्या यायच्या, त्याही जीपमध्येच. पुढं पुढं एकच येऊ लागली, कारण साहेबही एकच होते. सुषमाताई म्हणाल्या, पुण्याला नेऊन एकदा तपासून घ्या. सर्जेराव म्हणाले, "पाचशे माणसानं बघितलंय, आता तपासायचं काय राह्यलंय?" मग बाई काही बोलल्या नाहीत. म्हाळूही बोलला नाही. जीप चांगली होती, जेवण साहेबांच्या पंगतीला होतं, आणि पोरीच्या लग्नाला साहेब स्वतः आले.

आमच्याकडं दुखणी दोन प्रकारची. एक कामकऱ्यांची, म्हणजे पाठ, गुडघे, खोकला. दुसरी मोठ्या माणसांची, म्हणजे बीपी आणि शुगर. त्यात आता ॲलर्जीची भर पडली. सहा महिन्यांत व्हाइस चेअरमनना धुळीची ॲलर्जी झाली, अर्धा जन्म फुफाट्यात जाऊनही. एका संचालकांना वांग्याची झाली. त्यांच्या मंडळींनी मला हळूच सांगितलं, "परवापतूर ताटात चार-चार भरली वांगी लागत व्हती ह्यांना." माशीची मात्र कुणी घेतली नाही. ती साहेबांची होती आणि तेवढी शिस्त पॅनेलमध्ये होती. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडचे पाहुणे अदबीनं विचारायचे, घरात कुणाला ॲलर्जी वगैरे, आणि मुलाकडचे मान ताठ करून सांगायचे, चुलत्यांना हाय.

मी तरी कुठं मागं होतो. 'विषारी डंख पचवूनही समाजासाठी उभं राहणारं नेतृत्व' हे वाक्य माझं आहे. टाळ्या मिळायच्या.

म्हाळूच्या झटकण्यामुळं ज्यांचं पोट दुखायचं त्यात पहिली होती पार्वतीबाई. तळेगावच्या बाजारात तिचं हाराचं दुकान, म्हणजे एक गोणपाट, दोन पाट्या आणि ती. सत्कार कुणाचाही असो, हार पार्वतीबाईचा. पन्नाशी ओलांडलेली, तंबाखूची डबी कमरेला, आणि जिभेला हाड नाही. पहाटे उठून तिनं ओवलेला हार म्हाळूनं तीनदा झटकला की निम्म्या पाकळ्या बादलीत जायच्या आणि उरलेला दोरा साहेबांच्या गळ्यात पडायचा.

"माझा हार हाय का तुझं घोंगडं रं, झटकायलायस त्यो?" ती विचारायची.

"डिवटी हाय, मावशी."

"माशी मला रोज चावती. मला न्हाई कुणी जीप दिली."

ते खरंच होतं. फुलांत हात घालणाऱ्या बाईला वर्षाला पाच-पन्नास माश्या चावतात. चुना लावायचा आणि पुढचा हार ओवायचा. पण एका दिवाळीत तिचा हात एका माशीनं खांद्यापर्यंत सुजला आणि अंगावर गांधी उठल्या. तिनं ते हसत सांगितलं, म्हाळू हसला नाही.

"मावशी, दौंडला बाईंना दाखवून या. पुढल्या बारीला जास्ती व्हईल."

"मला कुठनं आल्यात मोठ्या लोकांची दुखणी," असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं.

आता जे सांगायचं ते हसून सांगता येत नाही. नव्याण्णवच्या जानेवारीत, ऐन गळितात, आष्टीकडच्या टोळीतल्या दगडाबाई नावाच्या बाईचा कोयता ऊस तोडताना गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर बसला आणि तिला चार ठिकाणी माश्या चावल्या. तिला मोटारसायकलवर मधे बसवून कारखान्याच्या दवाखान्यात आणलं. तिथं झाडूवाला होता. कपाट उघडं होतं आणि त्यात टिंक्चर होतं. ड्रेसर आणि इंजेक्शन दोन्ही त्या वेळी पाटसला होते, एका पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाला, हार झटकत. दगडाबाई अर्ध्या तासात गेली. कागदावर हार्ट लिहिलं.

म्हाळूनं नंतर तिच्या नवऱ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. तळहात खाजले होते का? व्हय. आवाज बसला होता का? व्हय. तो सर्जेरावांकडं गेला आणि म्हणाला, दवाखान्यात दोन बाटल्या तरी राहू द्या.

"तोडकऱ्याला कसली ॲलर्जी?" सर्जेराव म्हणाले. "उन्हातान्हातली माणसं ती. तू तुझं हार बघ."

म्हाळूनं हार बघितले. मला तेव्हा त्याचा राग आला होता. त्या आठवड्यात माझे तीन कार्यक्रम होते आणि एकातही मी दगडाबाईचं नाव घेतलं नाही. पण राग दुसऱ्याचा येणं सोपं असतं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत साहेबांची एकसष्टी आमच्याच शाळेच्या मैदानावर झाली. एकसष्ट वर्षं म्हणून एकसष्ट हार, ही कल्पना सर्जेरावांची. पार्वतीबाईनं तीन दिवस खपून ते केले. स्टेजच्या मागं कनातीला लागून तिच्या पाट्या, म्हाळूची बादली आणि साहेबांची बॅग. पुढं माइकवर मी. शेवंतीचा भर होता, त्यामुळं माश्याही भरपूर. वीस-एकवीस हार नीट गेले. बाविसावा झटकला तेव्हा त्यातून चार-पाच माश्या एकदम उठल्या, चिडलेल्याच होत्या, आणि त्यातली एक शेजारी बसलेल्या पार्वतीबाईच्या मानेवर बसली. साहेबांच्या गळ्यातली माशी हिच्या गळ्यात गेली म्हणा ना.

तिनं सवयीनं शिवी हासडली आणि डबीतला चुना मानेला फासला. म्हाळूनं नखानं खरवडून नांगी काढली. पुढचा हार उचलला तेवढ्यात ती म्हणाली, "म्हाळू, तळहाताला आग सुटलीय रं." त्यानं हार टाकला. तिच्या दंडावर गांधी उठत होत्या. ओठ जाड झाले होते. तिनं आणखी काही सांगायचं म्हणून तोंड उघडलं तर आवाज घोगरा, आतल्या आत. त्यानं मनगट धरलं. नाडी पळत होती आणि बोटाखाली लागते न लागते अशी.

मागं गलका ऐकून मी माइक हातात घेऊनच कनात बाजूला सारली. पार्वतीबाई पाय लांब करून पाटीला टेकली होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. म्हाळूनं बॅग उघडून बाटली बाहेर काढली होती, आणि सर्जेरावांनी त्याचं मनगट धरलं होतं.

"ठिव खाली. साहेबांचं हाय ते," सर्जेराव म्हणत होते. "वर अजून चाळीस हार बाकी हायेत. मधीच साहेबांना चावली म्हंजी?"

"आण्णा, बाई मरंल."

"तिला काय व्हतंय? रोजची हाय ती. चुना लावलाय न्हवं?"

म्हाळूनं एकदा पार्वतीबाईकडं बघितलं. मग तो अगदी साध्या आवाजात बोलला, भाव सांगावा तसा. "साहेबांना काय बी व्हनार न्हाई. त्यांना ॲलर्जी न्हाई. कवाच नव्हती. त्या दिशी उपाशीपोटी चक्कर येऊन पडले व्हते. मी खोटं बोललो."

सर्जेरावांचा हात सैल पडला. आश्चर्यानं असेल किंवा, मला नेहमी वाटतं, आश्चर्य न वाटल्यामुळं. तेवढं म्हाळूला पुरलं. त्यानं बाटलीची मान मोडली, अर्धं औषध सुईत ओढलं आणि लुगड्यावरूनच तिच्या मांडीत दिलं. मग बाटलीतलं उरलेलं अर्धं दुसऱ्या सुईत भरून ती सुई हातात धरली आणि जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं सर्जेरावांकडं बघितलं, सर्जेराव दुसरीकडं बघत होते, तेव्हा त्यानं किल्ली लावली. साहेबांच्या सीटवर पार्वतीबाई आडवी, पाय म्हाळूच्या मांडीवर, अशी जीप शिक्रापूरच्या दवाखान्याकडं गेली. वाटेत उरलेलं अर्धंही द्यावं लागलं. तिथं तिला सलाइन लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण हे दुखणं गेल्यासारखं करून परत येतं. सकाळी तिनं पहिला प्रश्न विचारला की राहिलेले हार कुणी घातले.

तर त्या हारांचं असं झालं. कार्यक्रम थांबवायची सोय नव्हती, कार्यकर्ते रांगेत होते. नऊ वर्षांत प्रथमच एक न झटकलेला हार साहेबांच्या गळ्यात पडला. आणि मागच्या माश्या पुढं आल्याच होत्या. साहेबांनी एकदम गालावर हात मारला. हात खाली घेतला तर तळव्यावर माशी.

दोन हजार माणसं साहेबांकडं बघत होती. जीप नाही, बॅग रिकामी, म्हाळू नाही. साहेबांनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. एक मिनिट गेलं. दोन गेली. गालावर बोराएवढी सूज आली आणि तिथंच थांबली. साहेब उभेच. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलेलं मला स्टेजवर ऐकू आलं, "आता कवा पडनार?"

लोकांची निराशा करणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मागं सोफा आहे ना हे हातानं चाचपलं, सावकाश बसले, मग आडवे झाले आणि डोळे मिटले. एकसष्टीचा नेता स्टेजवर निजलेला आणि त्याला न्यायला जीप नाही, कारण जीप हारवालीला घेऊन गेलेली. तासभर ते तसेच पडून होते. मधे एकदा त्यांनी कूस बदलली. मी माइकवरून सांगत होतो की कुणीही घाबरून जाऊ नये.

म्हाळूला 'कामात हयगय' म्हणून मेमो मिळाला आणि शिक्षा म्हणून त्याला परत दवाखान्यात टाकलं. म्हणजे जिथं तो नऊ वर्षं असायला हवा होता तिथं. त्यानं पहिलं काम काय केलं, तर सुषमाताईंकडून चार बाटल्यांची चिठ्ठी लिहून घेतली आणि त्या बिनकुलपाच्या फळीवर, झाडूवाल्याच्याही हाताला येतील अशा ठेवल्या. कुठं टोचायचं ते झाडूवाल्याला शिकवलं. पार्वतीबाईच्या सुनेलाही शिकवलं. पार्वतीबाई फुलं सोडायला तयार नव्हती. तिच्या पाटीत आता फुलांखाली एक डबी असते आणि बाजारात ती सांगत फिरते, आमाला बी ॲलर्जी हाय. साहेबांनी मात्र ॲलर्जी सोडली. डॉक्टरांनी बरी केली म्हणतात.

दोन हजार नऊला म्हाळू रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी मी हार घेऊन दवाखान्यात गेलो. निरोपाचा छोटा कार्यक्रम करू, सूत्रसंचालन माझं, असं म्हणालो. तो नको म्हणाला. मी हार पुढं केला, तो त्यानं घेतला आणि सवयीनं कोपऱ्यातल्या बादलीवर धरून तीनदा झटकला. मला हसू आलं. चेष्टेनं म्हणालो, "म्हाळू, एक खोटं बोललास आणि नऊ वर्षं जीपमधनं फिरलास की."

तो हसला नाही. हार टेबलावर ठेवत म्हणाला, "व्हय. दगडाबाई माझ्याच नावावर हाय, ते मी कुणावर ढकलत न्हाई. पर एक सांगू का, सर? खोटं बोललो त्या दिशी माइक माझ्या तोंडापुढं तुम्हीच धरला व्हता. आन् खरं बोललो त्या दिशी तुमच्याच हातात माइक चालू व्हता, तर तुम्ही त्याच्यावर पंजा ठिवला."

पंजा ठेवलेला मला चांगला आठवत होता. अंगठ्यानं मी बटणही बंद केलं होतं. बाहेर बाकावर पायाला चिंधी गुंडाळलेला एक तोडकरी बसला होता. म्हाळूनं मला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि त्याला आत बोलावलं.